४६ मोठे की ४७? मुंबई सिटीचे मोसम एकमेकांशी तोलायचे कसे

कोलशेतचा कोपरा (धागाकर्ता)

मंडळी, भांडण घरगुती आहे, पण मिटत नाही म्हणून इथे आणलंय.

मी ठाण्याला गाडीत चढतो, मामेभाऊ ऐरोलीला. तुर्भ्याला उतरेपर्यंत आमचा फुटबॉल चालतो, आजूबाजूचे लोक कानात बोंडकं घालून बसतात. परवा बंगळुरूत आपण २०२४-२५ च्या प्ले-ऑफमध्ये ५-० असे धुतले गेलो, तेव्हा सोमवारी सकाळी साहजिकच विषय निघाला की हा मोसम नक्की किती वाईट होता आणि मग सर्वात चांगला कोणता. भाऊ म्हणाला, २०२३-२४. "४७ गुण आहेत बाबा, आपल्या क्लबचे सर्वात जास्त. वर फायनल जिंकून कप पण." मी म्हणालो २०२२-२३. पैज मामलेदारच्या मिसळीची आहे.

आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) गेल्या पाच मोसमांचा साखळीतला हिशोब असा (चू.भू.दे.घे.):

२०२०-२१ : २० सामने, १२ जिंकले, ४ बरोबरी, ४ हरले, गोल ३५-१८ (केले-खाल्ले), गुण ४०
२०२१-२२ : २० सामने, ९-४-७, गोल ३६-३१, गुण ३१
२०२२-२३ : २० सामने, १४-४-२, गोल ५४-२१, गुण ४६
२०२३-२४ : २२ सामने, १४-५-३, गोल ४२-१९, गुण ४७
२०२४-२५ : २४ सामने, ९-९-६, गोल २९-२८, गुण ३६

आता २०२२-२३ आणि २०२३-२४ या ओळी शेजारी ठेवा. जिंकलेले सामने दोन्हीकडे १४. पंजाबचा संघ आला म्हणून दोन सामने वाढले, आणि त्या वाढलेल्या दोन सामन्यांच्या बदल्यात हाती आलं काय, तर एक बरोबरी आणि एक पराभव. म्हणजे दोन जास्तीच्या सामन्यांत एक गुण, आणि त्याच एका गुणावर भाऊ मिसळ खाणार! दर सामन्याला काढलं तर २.३० विरुद्ध २.१४. माझ्या मते विषय इथेच संपतो.

भावाच्या मते संपत नाही. तो म्हणतो, सामने वाढले की पाय दमतात, ते तू धरत नाहीस. शिवाय त्या वर्षी अर्ध्यात प्रशिक्षक बदलला, बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेले आणि क्रॅटकी आले, तरी एवढे गुण. मला हे पटत नाही, पण खोडताही येत नाही. आकड्यांची जाण असलेल्यांनी सांगा.

अर्धवेळ

मिसळ हरणारा देणार की जिंकणारा खाऊ घालणार? बाकी वाचतोय.

वर्गमूळ

धागाकर्ते, सरासरी काढलीत हे बरं केलंत. २४ सामन्यांचे ३६ आणि २० सामन्यांचे ३१ बघून लोक सर्रास 'पाचने सुधारलो' म्हणतात. दर सामन्याला १.५० आणि १.५५, म्हणजे सुधारणा कसली, इंचभर घसरणच.

पण आता थोडं थंड पाणी ओततो. एका सामन्यात गुण मिळतात ०, १ किंवा ३. ही उडी मोठी आहे. मधल्या दर्जाच्या संघासाठी तिचं प्रमाण विचलन (म्हणजे सरासरीपासून सहसा किती इकडेतिकडे) साधारण १.३ येतं, खूप तगड्या संघासाठी १.१ च्या आसपास. २० सामन्यांच्या बेरजेत हे विचलन २० च्या वर्गमूळाने, म्हणजे साडेचार पटीने वाढतं. याचा अर्थ असा की अगदी तोच संघ, तेच खेळाडू, तीच लायकी घेऊन तोच मोसम परत खेळला, तरी बेरीज सहज पाचेक गुणांनी इकडेतिकडे होईल. चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, एवढ्यावर.

दोन मोसमांची वजाबाकी करताना दोन्हीकडचं नशीब एकत्र येतं आणि विचलन सातच्या घरात जातं. म्हणून ४६ आणि ४७ यांच्यावर भांडणं म्हणजे भाजीवाल्याच्या काट्यावर सोनं तोलणं झालं. आणि बरं का, ४० आणि ४६ मधला फरकही केवळ गुणांवरून ठामपणे सांगता येत नाही.

मग करायचं काय? गोल बघा. गुण म्हणजे सामन्याचा गाळलेला अर्क, १-० आणि ५-० दोन्हीला तीनच. गोलफरकात माहिती जास्त उरते. दर सामन्याचा गोलफरक काढा:

२०२०-२१ ला ०.८५, २०२१-२२ ला ०.२५, २०२२-२३ ला १.६५, २०२३-२४ ला १.०५ आणि यंदा ०.०४.

इथे मात्र २०२२-२३ उठून दिसतो. २० सामन्यांत ५४ गोल. मिसळ तुमची, पण तुम्ही दिलेल्या कारणासाठी नाही.

कोलशेतचा कोपरा

सर, दंडवत. कारण कुठलंही असो, तर्री सारखीच लागते.

हावडा ते वाशी

आमच्या मोहन बागानने यंदा २४ सामन्यांत ५६ काढले हे कोणी लिहिलंच नाही. ५६ भागिले २४ म्हणजे २.३३. तुमच्या २.३० पेक्षा जास्त. शांतपणे नोंद घ्यावी. (वाशीत पंचवीस वर्षं काढली, मराठी चांगलं झालं, टीम नाही बदलली.)

कोलशेतचा कोपरा

दादा, तुमचा गोलफरक ४७-१६, म्हणजे अधिक ३१, दर सामन्याला १.२९. आमचा १.६५. वर्गमूळ सरांचा नियम लावला तर आम्हीच.

आणि अजून एक. २०२२-२३ मध्ये आम्ही जे दोन सामने हरलो ते कधी? गोव्यात ५-३ ने जिंकून शील्ड (साखळीत पहिलं येणाऱ्याचं) खिशात टाकल्यावर. तोवर १८ सामन्यांत एकही हार नव्हती, १४ विजय, ४ बरोबरी, ४६ गुण. म्हणजे दर सामन्याला २.५६. नंतर बंगळुरू आणि ईस्ट बंगालकडून हरलो, तेव्हा पणाला काहीच नव्हतं.

वर्गमूळ

हे चालणार नाही. आपले दोन पराभव 'काही पणाला नव्हतं' म्हणून काढायचे, आणि समोरच्यांनी आधीच शर्यतीतून बाहेर पडलेल्या संघांविरुद्ध मिळवलेले विजय तसेच ठेवायचे? काढायचे तर सगळ्यांचे काढा, आणि तो नियम आकडे बघण्याआधी ठरवा. वर्गात मुलंही हेच करतात, उत्तर आवडलं नाही की एक निरीक्षण चुकलं होतं म्हणतात.

शिवाय याची दुसरी बाजू आहे. २०२३-२४ चा साखळीतला शेवटचा सामना आठवा, कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर. आपण ४७ वर, बागान ४५ वर, बरोबरी पुरली असती. २-१ ने हरलो, ते ४८ वर गेले, शील्ड गेलं. तिथे सगळंच पणाला होतं. मोसम मोजताना असा सामना एकच धरायचा की दीड?

हावडा ते वाशी

दीड नाही, दोन धरा. मी होतो तिथे, सुट्टी टाकून गेलो होतो.

जुना कूपरेज

उशिरा आलो. पोरांनो, मुंबईचा फुटबॉल २०१४ ला जन्मला नाही. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती हे आता कोणाच्या गावी नाही. असो, मुद्द्यावर येतो.

आम्ही इंग्लिश लीग बघत मोठे झालो, तिथेही हीच भानगड. १९७८-७९ चं लिव्हरपूल: ४२ सामने, ३० विजय, ८ बरोबरी, ४ हार, गोल ८५-१६. एका अख्ख्या मोसमात १६ गोल खाल्ले, त्यातले घरच्या मैदानावर चार! गुण किती? ६८. आजच्या पोराला सांगितलं तर म्हणेल हा पाचव्या-सहाव्या नंबरचा संघ. कारण तेव्हा विजयाला दोन गुण होते, तीन १९८१-८२ पासून. तीनने मोजा, ९८ होतात.

पण एवढं करूनही न्याय होत नाही. तीन गुण आल्यावर संघ बरोबरी राखायची सोडून जिंकायला जाऊ लागले. जुन्या संघांना नियम माहीत असता तर तेही वेगळे खेळले असते. आपण नंतर बसून त्यांच्या वहीवर नव्या पेनने बेरीज करतोय.

आणि गुण हे बाकीच्या संघांच्या कुवतीवरही असतात. मँचेस्टर युनायटेडने १९९६-९७ ला ३८ सामन्यांत ७५ गुणांवर विजेतेपद नेलं. २०१८-१९ ला लिव्हरपूलने ९७ केले, एकच सामना हरले, आणि दुसरे आले, मँचेस्टर सिटीचे ९८ होते. कोणता मोसम मोठा? युनायटेडवाले कपाट दाखवतील. मी ९७ वालाच म्हणेन.

अर्धवेळ

काका, कपाट दाखवणाऱ्याला निदान कपाट आहे. २०२२-२३ ला आपण सेमीफायनलमध्ये बंगळुरूकडून पेनल्टीवर ९-८ हरलो, कप नाही. भावाला तोही मुद्दा द्या.

कोलशेतचा कोपरा

भावाने तो कधीच वापरलाय. मी त्याला विचारलं, १८ पेनल्टींच्या आसपास जो निकाल लागतो त्यावर २० सामन्यांचा मोसम ठरवायचा का. म्हणाला, "मग सामने बघतोस कशाला, एक्सेल बघ."

घाटकोपरला बदला

काही गोष्टी आकड्यांत येत नाहीत त्या टंकतो.

२०२०-२१ चे ४० गुण सगळे गोव्यात, कोविडच्या बायो-बबलमध्ये, रिकाम्या मैदानात. आपलं 'घरचं' मैदान बांबोळीला! घरच्या मैदानाचा फायदा कोणालाच नव्हता, प्रवासही नव्हता. शील्डसुद्धा बागानशी ४०-४० अशी बरोबरी होऊन आपसातल्या सामन्यांवर मिळालं, आणि फायनलला बिपिनने शेवटच्या मिनिटाला २-१ केलं. शिवाय तेव्हा मैदानात पाच परदेशी चालायचे. पुढच्या मोसमापासून चार. २०१४ ला तर सहा. हे वेगवेगळे खेळ आहेत हो जवळजवळ. ले फाँड्र, ओग्बेचे आणि बूमूस हे तिघे परदेशी एकाच वेळी उतरवणं आणि छांगटे-बिपिन या देशी जोडीवर मोसम काढणं यात फरक आहे.

म्हणून २०२२-२३ चे ५४ गोल मला जास्त मोठे वाटतात.

अवांतर: कोपरखैरणेहून संध्याकाळी साडेसातच्या सामन्याला अंधेरी गाठणं हा स्वतंत्र मोसम आहे. ठाण्याला गाडी बदला, घाटकोपरला मेट्रो धरा, आझाद नगरला उतरा, तोवर पहिला गोल झालेला असतो. मी हजर असताना झालेले आणि मी वाटेत असताना झालेले गोल असा तक्ता कोणी केला तर माझा गोलफरक ऋण येईल.

पांढरी शिट्टी

नेरुळच्या एका शाळेत तेरा वर्षांखालच्या मुलींना शिकवते, त्यामुळे माझा प्रश्न तुमच्यापेक्षा छोटा आहे: यंदाचा गट गेल्या वर्षीपेक्षा सुधारला का? आमचे स्पर्धेचे सामने वर्षाला आठ-दहा. वर्गमूळ सरांच्या हिशोबाने एवढ्या सामन्यांचे गुण म्हणजे निव्वळ लॉटरी. गोलही थोडेच.

म्हणून मी वहीत मैदानाचा अर्धा आराखडा काढते आणि प्रत्येक फटका जिथून मारला तिथे फुली. गोल झाला तर फुलीभोवती गोळा. मोसमाच्या शेवटी दोन वर्षांच्या वह्या शेजारी ठेवते. गेल्या वर्षी फुल्या सगळ्या लांबवर विखुरलेल्या, जिथे चेंडू आला तिथून लाथ. यंदा पेनल्टी बॉक्समध्ये गर्दी आहे. गुण गेल्या वर्षीपेक्षा कमीच झाले, पण मला वही बघून शांत झोप लागते. शाळेला मात्र ढालच दिसते, ढाल नाही म्हणजे सुधारणा नाही. दोनदा वही घेऊन गेले, दोनदा चहा पाजून परत पाठवलं.

वर्गमूळ

शिट्टीताई, तुम्ही हाताने जे करताय त्यालाच मोठे लोक एक्सजी म्हणतात, अपेक्षित गोल. प्रत्येक फटक्याला तो कुठून, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने मारला यावरून गोल होण्याची शक्यता देतात. पेनल्टीला साधारण पाऊण, लांबून मारलेल्याला काही शतांश. सगळ्यांची बेरीज म्हणजे तुमच्या संघाने किती गोलांइतक्या संधी निर्माण केल्या.

तुमच्या वहीसारखंच एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१४-१५ ला प्रशिक्षक क्लॉपचं जर्मनीतलं डॉर्टमुंड १७ सामन्यांनंतर १५ गुणांवर, तळाच्या दोघांत. सगळे म्हणाले संपलं. संधींचा हिशोब करणारे म्हणत होते, हा संघ तळाचा नाही, चेंडू आत जात नाहीये एवढंच. पुढच्या १७ सामन्यांत ३१ गुण आले, मोसम सातव्या नंबरवर संपला. त्याच वर्षी क्लॉप लिव्हरपूलला गेले. तिथे इयन ग्रॅहम नावाच्या भौतिकशास्त्रातल्या डॉक्टरेटवाल्याने डॉर्टमुंडचा तो मोसम फटका-फटका तपासून दाखवलं होतं की नशीबच वाकडं होतं.

आता हीच काठी यंदाच्या मुंबईवर उगारतो. एखाद्या लीगमध्ये पाव सामने बरोबरीत सुटतात असं धरा. निकाली सामन्यात दोघांत मिळून ३ गुण वाटले जातात, बरोबरीत २. सरासरी एका संघाला सामन्यामागे १.३७ च्या आसपास. म्हणजे गोलफरक शून्याजवळ असलेल्या संघाने २४ सामन्यांत ३३ च्या जवळ असायला हवं. आपला गोलफरक अधिक १, आणि गुण ३६. तीन गुण गोलांपेक्षा जास्तच मिळाले. लोक म्हणतात मोसम दुर्दैवी गेला. आकडे म्हणतात, झाला तर थोडा सुदैवीच झाला.

घाटकोपरला बदला

हे झोंबलं. पण खरं आहे. अपुइया बागानला, भेके, नोगेरा, डियाझ बंगळुरूला. एवढे गेल्यावर सहावा नंबर आला हेच खूप. आणि प्ले-ऑफला पाच कोणाकडून खाल्ले, तर बंगळुरूकडूनच.

हावडा ते वाशी

अपुइया छान आहे, काळजी नसावी. 🙂

जुना कूपरेज

साखळीच मोजताय सगळे. २०२३-२४ बद्दल बोलायचं तर आशियाई चॅम्पियन्स लीगही मोजा, सहापैकी सहा हरलो. त्याच्या आधी २०२२ ला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं होतं, त्या स्पर्धेच्या गटात भारतीय क्लबचा पहिला विजय. आणि तो आला साखळीत पाचवं आलेल्या २०२१-२२ च्या मोसमात. तुमच्या तक्त्यात ती ओळ सर्वात मरतुकड्यांपैकी आहे.

कोलशेतचा कोपरा

काका, हा बॉम्ब आहे. भावाला आत्ताच सांगत नाही.

सुट्टीच्या दिवशी बसून तक्ता मागे नेला, २०१४ पर्यंत. २०१६ आणि २०१८-१९ ची गंमत बघा. २०१६ ला १४ सामन्यांत २३ गुण, दर सामन्याला १.६४, आणि साखळीत पहिले! २०१८-१९ ला १८ सामन्यांत ३०, म्हणजे १.६७, आणि तिसरे. गोलफरक मात्र २०१६ चा सरस, १६-८. फोर्लानच्या त्या संघाने १४ सामन्यांत आठच गोल खाल्ले.

पण खरी मजा नेरुळच्या दोन वर्षांत आहे. २०१४ आणि २०१५, दोन्ही डीवाय पाटीलवर. दोन्ही मोसम १४ सामने, ४ विजय, ४ बरोबरी, ६ हार, १६ गुण. डिट्टो. गोल १२-२१ आणि १६-२६. जुळे भाऊ वाटतात. पण २०१४ च्या १२ गोलांतले पाच पुण्याविरुद्धच्या एकाच सामन्यात. तो ५-० काढला तर उरलेल्या १३ सामन्यांत ७-२१! २०१५ मधून गोव्यातला ०-७ आणि नॉर्थईस्टविरुद्धचा ५-१ काढला तर १२ सामन्यांत ११-१८. म्हणजे २०१५ चा संघ बराच बरा होता, एका गोव्याच्या संध्याकाळने बदनाम केला.

वर्गमूळ

परत तेच! २०१४ मधला सर्वात मोठा विजय काढलात, आणि २०१५ मधला सर्वात मोठा पराभव. २०१४ ला चेन्नईत ५-१ खाल्ले होते, तो का ठेवलात?

कोलशेतचा कोपरा

विसरलो, शप्पथ. तो काढला तर २०१४ चे १२ सामन्यांत ६-१६. आता दोन्हीकडे १२-१२ सामने झाले: ६-१६ आणि ११-१८. उणे १० आणि उणे ७. फरक उरला, पण 'बराच बरा' मागे घेतो. २०१५ ला गोल जास्त व्हायचे, आपल्याकडूनही आणि आपल्यावरही, एवढंच.

मोठे निकाल असेच गाळून सुधारित तक्ता उद्या टाकतो. नियम आधीच लिहितो: चार किंवा जास्त गोलांच्या फरकाचा सामना सगळ्या मोसमांतून बाहेर, अपवाद नाही.

नेरुळ पश्चिम

एक मिनिट. १८ ऑक्टोबर २०१४ चा पुण्याविरुद्धचा ५-० काढताय?

धाकट्याला घेऊन चालत गेलो होतो, घरापासून वीस मिनिटं. आंद्रे मॉरिट्झने तीन मारले, आयएसएलमधली पहिली हॅटट्रिक. पोरगं तेव्हा सहा वर्षांचं, त्याला वाटलं फुटबॉल असाच असतो, दर वेळी पाच. पुढचे सामने बघायला नेलं तर तिसऱ्या सामन्यापासून विचारायला लागलं, बाबा आज गोल कधी होणार. तिकिटं अजून शोकेसमध्ये आहेत. तुमचा नियम असेल हो बरोबर, सर म्हणतात म्हणजे असणारच. पण तो सामना काढलेला तक्ता मी बघणार नाही.

वर्गमूळ

काका, नियम म्हणजे नियम.

पांढरी शिट्टी

सर, राहू द्या ना.

कोलशेतचा कोपरा

काका, दोन तक्ते टाकतो. एक सरांसाठी, एक तुमच्यासाठी. तुमच्या तक्त्यात २०१४ च्या ओळीवर चांदणी असेल.

नेरुळ पश्चिम

चालेल. चांदणी मोठी काढा, चष्मा लागतो.